श्वास मोजणारे स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले, अंमळनेरला अध्यापन केले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजींकडून योग आत्मसात केला.

गुरूंवर श्रद्धा होती. तरीही त्यांनी यौगिक क्रिया बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली तपासल्या. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. आसनांत रक्तदाब किती बदलतो, प्राणायामात प्राणवायू किती घेतला जातो, याची तेथे मोजदाद झाली. प्राणायामाने प्राणवायूचा साठा वाढतो ही लोकप्रिय समजूत मोजमापात टिकली नाही. ते योगाचे कैवारी असूनही त्यांनी हे स्पष्टपणे मांडले.

१९२७ साली रक्तदाब वाढल्यामुळे गांधीजी कर्नाटकातील नंदी टेकडीवर विश्रांती घेत होते. त्या वेळी आसनांविषयी ते स्वामीजींचा सल्ला पत्राने घेत असत.

वाणिज्य शाखेच्या मला हे चरित्र जवळचे वाटते, त्याला कारण आहे. माझे बाबा मलकपेठच्या मिरची बाजारात हिशेब लिहीत. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने त्यांना जिना चढवेना. धाप लागणाऱ्याने पडून राहावे, असे आत्याचे ठाम मत. डॉक्टरांनी मात्र नाडी व रक्तातील प्राणवायू तपासून, सहा मिनिटांत किती चालवते ते मोजून, रोजचे चालणे, हातापायांचे हलके व्यायाम आणि ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडणे सांगितले. आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आज बाबा एकदा थांबून दुसऱ्या मजल्यावर येतात.

त्यांची फुप्फुसे नवी झालेली नाहीत. पायांचे स्नायू सुधारले, म्हणून तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो. व्यायाम थांबला की हा लाभही ओसरतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, म्हणून खोटी आशा लागली नाही आणि व्यायामही सुटला नाही.

स्वामीजी १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले. व्यायाम रुग्णालाही द्यावा, पण तपासून, बेताने द्यावा आणि त्याने जेवढे साधते तेवढेच सांगावे, हा त्यांच्या कार्यातून मी घेतलेला धडा आहे.