नद्या ओलांडणारे टपाल : स्टीफन स्मिथ यांचे चरित्र

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मुलांना नदीचे सामर्थ्य सांगावयास नको. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती यांच्या पाण्यावर आपली शेते पिकतात. परंतु पावसाळ्यात त्याच नद्या आपल्या वाटा अडवितात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संबंध तुटल्याचे आपण कितीदा तरी ऐकले आहे. पैलतीरी रोगी असावा आणि औषध ऐलतीरी राहावे, यासारखे दुःख नाही. अशा अडलेल्या माणसांपर्यंत अग्निबाणाच्या साहाय्याने पोहोचता येईल काय, याचा ध्यास घेतलेले एक गृहस्थ आपल्या देशात होऊन गेले. त्यांचे नाव स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९१ रोजी शिलाँग येथे एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. आसनसोल येथील सेंट पॅट्रिक शाळेत शिकत असता त्यांस बाणांचे वेड लागले. सोबत्यांसह ते बाणाबरोबर बागेतील सरडे शाळेच्या पोहण्याच्या हौदापलीकडे धाडीत. मुक्या जिवांशी असा खेळ करणे अनुकरणीय नव्हे. परंतु बाणाने भार वाहून नेता येतो, हा विचार तेथेच त्यांच्या मनात रुजला. पुढे त्यांनी कलकत्त्यास जकात खात्यात व नंतर पोलिसांत नोकरी केली आणि अभ्यास करून दंतवैद्याचा व्यवसाय पत्करला.

त्याच सुमारास, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. या टपालामागे हॉलंड नामक पाद्रीसाहेबांचा पुढाकार होता व त्याचे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास मिळावयाचे होते. विमानटपालाच्या या नव्या युगाने स्मिथ यांस मोहिनी घातली. १९३० साली स्थापन झालेल्या विमानटपाल-संग्राहकांच्या मंडळाचे ते चिटणीस झाले. पुढे १९३१ साली ऑस्ट्रियात फ्रीड्रिख श्मीडल यांनी अग्निबाणाने पत्रे पाठविली, तेव्हा बालपणीचा बाण आणि आवडते टपाल यांची सांगड कशी घालावी, हे स्मिथ यांस उमगले.

३० सप्टेंबर १९३४ रोजी त्यांनी एका जहाजावरून सागर बेटाकडे पहिला टपालबाण सोडला. तो आकाशातच फुटला व आतील १४३ पत्रे विखुरली! दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. स्मिथ यांनी बहुतेक सर्व पत्रे गोळा केली आणि पुन्हा कामास आरंभ केला.

पुढील वर्ष त्यांच्या आयुष्यातील भरभराटीचे ठरले. १९३५ च्या एप्रिल महिन्यात सिक्कीमचे महाराज ताशी नामग्याल यांच्या आश्रयाने त्यांनी त्या डोंगराळ राज्यात अनेक बाण उडविले. तेथे नदीपलीकडे पत्रेच नव्हेत, तर चहा-साखरेसारख्या वस्तूंचे पुडकेही गेले. २९ जून रोजी त्यांनी एक कोंबडा व एक कोंबडी बाणात बसवून दामोदर नदीपार धाडली. आदाम व हव्वा अशी नावे दिलेली ती जोडी जिवंत उतरली. जिवांस असे संकटात घालावे काय, हा प्रश्न राहतोच; मात्र नाजूक वस्तूही नदीपार सुखरूप नेता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१९३४ ते १९४४ या दहा वर्षांत स्मिथ यांनी सुमारे २७० बाण सोडले. तरीही टपालबाण व्यवहारात रूढ झाला नाही. दारू सारखी जळेना. एकदा सुटलेल्या बाणास दिशा देता येईना. आणि इंधन संपताच तो दगडासारखा खाली येई. १५ फेब्रुवारी १९५१ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले. १९९२ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढून त्यांचा गौरव केला. टपालावर जीव लावणाऱ्यास याहून अनुरूप स्मारक कोणते?

आज विद्यार्थी अग्निबाण-ग्लायडरचा संच जोडतात, तेव्हा स्मिथ यांच्यापुढील कोडेच त्यांच्यासमोर असते. पुठ्ठ्याच्या नळीतील इंजिन काही क्षणांत यानास वर नेते व विझते. खरी परीक्षा त्यानंतरची. बाल्सा लाकडाचे पंख दोहो बाजूंस सारखे असतील आणि पुढील टोकाचा भार नेमका असेल, तर यान घारीप्रमाणे तरंगत उतरते. पुढे भार कमी पडला, तर ते नाक वर करून गटांगळ्या खाते. अधिक झाला, तर सरळ जमिनीत शिरते. म्हणून शहाणा विद्यार्थी इंजिन बसविण्यापूर्वी ग्लायडर हाताने फेकून पाहतो व भार थोडाथोडा बदलतो. दारू मात्र कोणीही घरी बनवू नये. तयार इंजिनही शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानात व सुक्या गवतापासून दूरच पेटवावे. आपल्या रानास उन्हाळ्यात एक ठिणगीही पुरे होते.

मुलांनो, बाण किती उंच गेला याकडे लोकांचे डोळे लागतात. परंतु पैलतीरावर वाट पाहणाऱ्यास उंचीशी काय काम? त्याच्या हाती काय पोहोचले, एवढेच त्यास महत्त्वाचे. स्मिथ यांनी आपल्या विद्येस याच कसोटीवर घासले. देवाने दिलेली बुद्धी अडलेल्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचविणे, हेच शिक्षणाचे सार्थक होय.