मार्कोनी: ज्याचं यंत्र ‘रामदास’ बोटीवर नव्हतं

१७ जुलै १९४७. गटारी अमावास्येचा दिवस. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसला निघाली. बोट गावी निघालेल्या माणसांनी खच्चून भरली होती. काश्याच्या खडकाजवळ ती लाटांच्या माऱ्यात एका बाजूला कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. जी वाचली त्यातल्या बऱ्याच जणांना कोळ्यांच्या होड्यांनी बाहेर काढलं.

ही गोष्ट आपल्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अनेकांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. पण त्यातली एक बाब फारशी सांगितली जात नाही. बोट सकाळी बुडाली आणि मुंबईला ते कळायला संध्याकाळ उजाडली. तेही पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं म्हणून. कारण ‘रामदास’वर वायरलेस नव्हता.

बोटीवरून बिनतारी संदेश पाठवायचं तंत्र तेव्हा पन्नास वर्षांचं झालं होतं. ते जहाजांवर चढवणारा माणूस, गुल्येल्मो मार्कोनी, २० जुलै १९३७ ला वारला होता. ‘रामदास’ बुडाली तेव्हा त्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

आता कुणी म्हणेल, महाड-पोलादपूरच्या माणसाला बोटीच्या रेडिओचं काय पडलंय? आमच्याकडून समुद्र तरी दिसतो का? दिसत नाही, पण लागतो. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, पोलादपूर-महाड करत दासगावच्या पुढे खाडी होते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईची वाट हीच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर २४ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेसाठी निघाले ते ‘पद्मावती’ बोटीनेच. दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून ते महाडला पोहोचले. ‘रामदास’च्या बातमीने घाबरणारी घरं फक्त अलिबाग-रेवसची नव्हती.

तर मार्कोनी.

जन्म २५ एप्रिल १८७४, इटलीतल्या बोलोन्याचा. बाप जमीनदार. आई आयरिश, जेमसन घराण्यातली. हो, तेच व्हिस्कीवाले जेमसन. पोराचं शिक्षण रीतसर म्हणावं असं झालं नाही. विद्यापीठात तो विद्यार्थी म्हणून दाखल नव्हता, पण ऑगुस्तो रिगी या प्राध्यापकांच्या ओळखीने प्रयोगशाळा आणि ग्रंथालय त्याला मोकळं झालं. १८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ गेला. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे त्याने प्रयोगाने दाखवलं होतं. त्याच्या कामाबद्दल वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात आलं, की या लहरींवरून तारेविना तार पाठवता आली तर?

घराच्या माळ्यावर त्याने खटपट सुरू केली. ठिणगी पाडून लहर सोडायची आणि पलीकडे काचेच्या नळीत भरलेल्या धातूच्या किसाने ती पकडायची. लहर आली की कीस चिकटतो आणि वीज वाहू लागते, इतकी साधी कल्पना. यातले सुटे भाग बहुतेक दुसऱ्यांचे होते. मार्कोनीने काय केलं, तर यंत्राचं एक टोक उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. त्यासरशी पल्ला एकदम वाढला. १८९५ मध्ये त्याने घरामागच्या टेकडीपलीकडे माणूस पाठवला. संदेश पोहोचल्याची खूण म्हणून तिकडून बंदुकीचा बार आला.

टेकडीपलीकडे! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथे तिच्या माहेरची ओळखपाळख होती आणि जगातला सगळ्यात मोठा जहाजधंदाही. जूनमध्ये पेटंटचा अर्ज, पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश आणि त्याच वर्षी कंपनी. पोरगा तेवीस वर्षांचा.

जमिनीवर तारा होत्याच, त्यामुळे तिथे मार्कोनीची निकड कुणाला नव्हती. समुद्रावर मात्र जहाज एकदा नजरेआड झालं की पुढच्या बंदराला लागेपर्यंत त्याचं काय झालं हे कुणाला कळायचं नाही. इंग्लंडच्या गुडविन नावाच्या वाळूच्या दांड्यांपाशी दिवा घेऊन उभं राहणारं एक जहाज होतं. त्याच्यावर १८९८ च्या अखेरीला मार्कोनीचं यंत्र बसलं. पुढच्या मार्चमध्ये ‘एल्बे’ हे जहाज त्या वाळूत रुतलं. दीपनौकेने किनाऱ्याला कळवलं आणि जीवरक्षक होडी निघाली. एप्रिलमध्ये दाट धुक्यात दुसऱ्या एका जहाजाने त्या दीपनौकेलाच धडक दिली. तिने स्वतःसाठी मदत मागितली. समुद्रात अडकलेल्याने हवेतून हाक मारायची, याची सुरुवात ही अशी झाली.

१२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनी कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडमध्ये, पतंगाला तार बांधून, इंग्लंडहून येणारे तीन टिंब ऐकत बसला होता. त्याने ते ऐकल्याचं जाहीर केलं आणि तो जगभर गाजला. खरंच ऐकले की वादळी हवेची खरखर होती, यावर तज्ज्ञ आजही भांडतात. आपण पुढे जाऊ, कारण बोटीवरच्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचं भांडण वेगळंच आहे.

मार्कोनीची कंपनी जहाजांना यंत्र विकत नव्हती, भाड्याने देत होती. सोबत चालवणारा माणूसही कंपनीचाच. आणि नियम काय, तर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही. जर्मनीच्या राजाचा भाऊ १९०२ मध्ये अमेरिकेहून परतताना याच कारणाने त्याच्या जहाजाचे संदेश घेतले गेले नाहीत, अशी तक्रार झाली. जर्मनी खवळली. १९०३ मध्ये आणि पुन्हा १९०६ मध्ये बर्लिनला देश एकत्र बसले. ठरलं असं, की यंत्र कुणाचंही असो, समुद्रावर एकमेकांचं ऐकायचं. त्याच बैठकीत संकटाची खूण म्हणून एसओएस मान्य झालं. धंद्याच्या हिशेबाने मार्कोनीचा नियम समजण्यासारखा होता. माणसाच्या हिशेबाने तो वाईटच होता, असं मला वाटतं.

१९०९ हे त्याचं वर्ष. जानेवारीत ‘रिपब्लिक’ हे प्रवासी जहाज धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकलं. त्यावरचा वायरलेसवाला जॅक बिन्स तासन् तास संदेश पाठवत राहिला. जहाज गेलं, माणसं जवळपास सगळी वाचली. वर्षाखेर मार्कोनीला कार्ल फर्डिनांड ब्राऊनसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग १९१२ चा एप्रिल आला. ‘टायटॅनिक’वरचे दोघे वायरलेसवाले, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचेच नोकर. त्यांचं मुख्य काम होतं श्रीमंत प्रवाशांचे खासगी निरोप पाठवणं. हिमनगाचे इशारे येत होते. एक तर जहाज चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही, असं मानलं जातं. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ने बर्फाची खबर द्यायला मध्येच तोंड घातलं, तेव्हा फिलिप्सने त्याला गप्प केलं. हातातलं काम अडत होतं ना! तिथला एकुलता एक वायरलेसवाला दिवसभर थकलेला. त्याने यंत्र बंद केलं आणि तो झोपला. त्यानंतर थोड्याच वेळात ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली. हाक ऐकली ती पुष्कळ लांबच्या ‘कार्पेथिया’ने. सातशेच्या वर माणसं वाचली, सुमारे पंधराशे गेली. मार्कोनीलाही त्या सफरीचं आमंत्रण होतं, पण तो आधीच दुसऱ्या जहाजाने अमेरिकेला गेला होता.

वायरलेस होता म्हणून सातशे वाचले, म्हणत लोकांनी मार्कोनीला डोक्यावर घेतलं. ते खरंच होतं. पण त्या रात्री यंत्राने दगा दिला नव्हता. चुकलं ते वापरताना. बोलण्याच्या नादात ऐकायचं राहिलं. म्हणून १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात २४ तास कान देण्याची तरतूद आली. हा करार देशादेशांत फिरणाऱ्या मोठ्या जहाजांचा. मुंबई-रेवस करणाऱ्या आगबोटी त्यात कुठून येणार?

आज दासगाव-बाणकोटच्या खाडीतून बाहेर पडणाऱ्या बोटीवर जो व्हीएचएफ सेट असतो, त्याचे सगळे नियम या रात्रींमधूनच आले आहेत. बोलण्याआधी ऐका. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल. गप्पा मारायच्या तर एकमेकांना बोलावून घ्या आणि दुसऱ्या चॅनलवर जा. कारण तुम्ही बटण दाबून बसलात, की जवळपासच्या सगळ्यांसाठी ती वाट बंद होते. कितीदा तर माईक गादीखाली दाबला जातो आणि त्याचा पत्ताच नसतो! तेवढ्यात दुसऱ्या कुणाची बोट बुडत असली तर?

जीवावर बेतलं असेल तर तीनदा मेडे म्हणायचं आणि तीनदा बोटीचं नाव सांगायचं. मग जागा सांगायची, जीपीएसचे आकडे नाहीतर ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतर. काय झालंय, काय मदत हवी, माणसं किती, हे त्यानंतर. सगळं सावकाश बोलायचं. नाव-जागा आधी, कारण सेट मध्येच बंद पडला तरी शोधायला येणाऱ्याला कुठे जायचं ते कळलेलं असतं. मग बटण सोडायचं. घाबरलेला माणूस नेमकं हेच विसरतो, आणि बटण दाबलेलं असताना उत्तर ऐकू येत नाही. इंजिन बंद पडलंय पण जीवाला धोका नाही, अशा वेळी मेडे नाही, पॅन-पॅन. मेडे हा शब्द फ्रेंचमधल्या मदत मागणाऱ्या शब्दांवरून आला. १९२७ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी मार्कोनी कंपनीच्या तंत्रावर आपल्याकडे खडकी आणि दौंडच्या केंद्रांतून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली होती.

आता ती टेकडी. मार्कोनीच्या लहरी लांब होत्या, त्या टेकडीला वळसा घालून जात. व्हीएचएफच्या लहरी आखूड, त्या जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. महाडच्या बाजूला खाडी डोंगरांच्या कुशीत आहे. तिथून समुद्रातल्या बोटीला हाक पोहोचेल या भरवशावर राहू नये. अँटेना जेवढी उंच तेवढा पल्ला मोठा, म्हणून हातातल्या सेटपेक्षा डोलकाठीवरच्या अँटेनाचा सेट कधीही सरस. संदेश जात असताना तिला हात मात्र लावायचा नाही, चटका बसू शकतो. सेट बंदरातून निघण्याआधी तपासायचा, बॅटरी भरलेली ठेवायची आणि परवाना काढायचा. गंमत म्हणून मेडे देणं हा गुन्हा आहे.

मोबाइल आहे की, असं म्हणणाऱ्यांनी जुलै २०२१ आठवावा. महाड पुराच्या पाण्यात, तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेलेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी, आणि फोन लागत नव्हते. समुद्रात किनाऱ्यापासून लांब तर रोजच तशी स्थिती असते. जिथे रेंज आहे तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावावाच. पण फोन एकालाच लागतो. चॅनल १६ वरची हाक टप्प्यातला प्रत्येक तांडेल ऐकतो, आणि पहिला पोहोचणारा बहुतेक वेळा तोच असतो.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, की रेडिओ जगदीशचंद्र बोसांचा. त्यात तथ्य आहे. बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं होतं. पारा वापरून लहरी पकडायची त्यांची युक्ती १८९९ मध्ये छापून आली आणि १९०१ मध्ये मार्कोनीने तसंच पाऱ्याचं साधन वापरलं. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका महत्त्वाच्या पेटंटमधले दावेही रद्द ठरवले. मार्कोनी एकटा शोधक नव्हता. त्याचं श्रेय ते यंत्र जहाजावर नेऊन चालवून दाखवण्याचं.

त्याची दुसरी बाजू काळी आहे. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. तिथे ज्यू विद्वानांना दारं बंद ठेवण्यात त्याचा हात होता, हे पुढे कागदपत्रांतून बाहेर आलं.

१९१२ मध्येच मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने ‘एलेत्रा’ नावाची बोट घेतली आणि तिच्यावरच प्रयोगशाळा थाटली. पुढे मुलीचंही नाव तेच ठेवलं. १९३४ मध्ये त्याने सेस्त्री लेव्हान्ते बंदराबाहेर तिच्या खिडक्या झाकून घेतल्या आणि निव्वळ रेडिओच्या खुणेवर बोट दोन बोयांमधून नेऊन दाखवली. बाहेरचं काही न बघता.

तीन वर्षांनी रोममध्ये त्याचं हृदय बंद पडलं. रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं. ‘एलेत्रा’ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती गेली आणि १९४४ च्या जानेवारीत एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्याजवळ हल्ल्यात बुडाली. तिचे तुकडे आता इटलीतल्या वेगवेगळ्या शहरांत ठेवले आहेत. एक मोठा तुकडा मार्कोनीच्या जुन्या घरापाशी आहे, त्याच टेकडीच्या अलीकडे.