शिष्यवृत्तीचे ऋण

घटनेचे शिल्पकार म्हणून आम्ही बाबासाहेबांना वंदन करतो. पण पाणी, वीज आणि मजुरांसाठी राबलेले अर्थतज्ज्ञ बाबासाहेब आमच्या घरांत फारसे सांगितले जात नाहीत.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षे, अट अशी की परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अर्थशास्त्र शिकले. १९१७ साली करार पाळायला बडोद्यात गेले, तर शिपाई लांबूनच कागद फेकायचे, राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत नोकरी सुटली. विद्या मात्र कुणाला हिसकावता आली नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज काढले आणि पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्सी. झाले.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदीला १९४३ साली मोठा पूर आला. नुसते बांध घालून भागणार नाही. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांची एकच योजना हवी, असा त्यांनी आग्रह धरला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. १९४६ च्या कायद्याने कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली.

आणखी एक काम आम्हाला मोलाचे वाटते. त्यांच्या पाठपुराव्याने १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. बडोद्याचे ऋण त्यांनी असे हजारो घरांत फेडले. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींनो, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना एवढे ध्यानात ठेवा: शिकून नोकरीला लागलात की आता फेडायची पाळी आपली.