हवा मोजणारा बाप

गोठ्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावता ना? वास लगेच कळतो. पण तिथल्या धुळीबरोबर जिवंत काय उडतंय, हे कसं कळणार? ते मोजून दाखवायला एक माणूस डोंगर चढला होता. लुई पाश्चर.

जन्म १८२२चा. वडील कातडी कमावणारे, बालपण फ्रान्सच्या आर्ब्वा गावात. १८५९मध्ये त्याच गावात पाश्चरची नऊ वर्षांची थोरली लेक ज्यान टायफॉइडनं गेली. पुढच्याच वर्षी हा बाप तिथे परतला, सोबत काचेचे चंबू घेऊन.

चंबूत यीस्टचं पाणी उकळायचं आणि उकळत असतानाच त्याची निमुळती मान वितळवून बंद करायची. ठरल्या जागी पोचलं की टोक मोडायचं. हवा आत शिरली की पुन्हा ज्योतीवर बंद! आपल्या कपड्यांवरची धूळ आत जाऊ नये म्हणून चंबू डोक्याच्या वर धरायचा. आर्ब्वाजवळ २० उघडले, ८ नासले. ८५० मीटरवर, प्वुपे डोंगरावर २० पैकी ५. आल्प्समधल्या मेर द ग्लास हिमनदीवर तर बर्फाच्या लखलखाटात दिव्याची ज्योतच दिसेना. पहिला दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी २० उघडले, त्यातला फक्त १ नासला. म्हणजे जंतू हवेत असतात, पण सगळीकडे सारखे नाहीत.

आता खरी गंमत बघा. पुढे शार्त्र भागात मेंढ्या अँथ्रॅक्सनं, म्हणजे काळपुळीनं, पटापट मरत होत्या. काही शेतांना लोक शापितच म्हणायचे. हवेतले जंतू दाखवणाऱ्यानं इथेही हवेवर खापर फोडलं असतं, तर कुणी अडवलं नसतं. पण पाश्चर शेतात फिरला. एका जागी मातीचा रंग वेगळा दिसला. आदल्या वर्षी तिथे मेलेल्या मेंढ्या पुरल्या होत्या. त्यानं गांडुळांच्या विष्ठेची माती तपासली. खोल पुरलेले बीजाणू गांडुळं वर आणत होती आणि मेंढ्या तिथेच चरत होत्या. मेलेली जनावरं कुरणात पुरू नका, असं तो शेतकऱ्यांना सांगत सुटला.

आजही पोल्ट्रीभोवतीची हवा तपासताना पोषक थर लावलेल्या बशा शेडमध्ये, कुंपणापाशी, वस्तीत उघड्या ठेवतात आणि नंतर त्यावर उगवलेले ठिपके मोजतात. चंबू गेले, हिशेब तोच.