पॉडकास्टची लायब्ररी लावायची आहे? आधी भातखंडे समजून घ्या



पॉडकास्ट ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरवर एक अडगळीचं फोल्डर असतं. त्यात 'एपिसोड-१२', 'फायनल-२', 'ऑडिओ-नवीन' अशा नावांच्या फाइल्स पडलेल्या असतात. कुठला भाग कोणत्या कार्यक्रमाचा, कोण बोलतंय, ऐकून झालाय की नाही, काहीच कळत नाही. मग आपण फोल्डर बंद करतो आणि पुन्हा इंटरनेटवर शोधायला लागतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. खांदेश्वरहून सीएसएमटीपर्यंत हार्बर लाइनने साधारण सव्वा तास लागतो आणि माझं बरंचसं ऐकणं त्याच वेळात होतं. वाशीच्या खाडीपुलावर नेटवर्क दगा देतं, म्हणून मी सगळे भाग आधीच घरच्या कॉम्प्युटरवर उतरवतो आणि फोनमध्ये व एका छोट्या एमपीथ्री प्लेअरमध्ये सिंक करतो. ही व्यवस्था बसवताना मला सर्वात जास्त उपयोग झाला तो एका माणसाच्या चरित्राचा. तो माणूस १९३६ मध्येच गेला. त्याने आयुष्यात पॉडकास्ट ऐकलेलं नाही, पण विखुरलेला आवाज गोळा करून, त्याला नाव देऊन, क्रमाने लावून दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं काम आपल्याकडे त्याच्याइतकं क्वचितच कोणी केलं असेल. तो माणूस म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

वाळकेश्वरचा वकील

भातखंडेंचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. लहानपणापासून गाण्याची ओढ होती, पुढे ते सतारही शिकले. शिक्षण मात्र रीतसर चालू होतं. १८८५ मध्ये ते बीए झाले, १८८७ मध्ये एलएलबी झाले आणि वकिली करू लागले.

त्याआधीच, १८८४ मध्ये, ते 'गायन उत्तेजक मंडळी'चे सभासद झाले होते. ही मुंबईतली पारशी मंडळींनी सुरू केलेली संगीतप्रेमी संस्था. तिथे त्यांना रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपद आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल शिकायला मिळाले. म्हणजे दिवसा कोर्टकचेरी आणि संध्याकाळी गाणं. आपण नोकरी सांभाळून एखादा साइड प्रोजेक्ट करतो, तसंच काहीसं.

मग १९०० मध्ये पत्नी गेली आणि १९०३ मध्ये मुलगीही गेली. यानंतर त्यांचं वकिलीतलं लक्ष उडालं आणि पुढे त्यांनी ती सोडूनच दिली. उरलेलं सगळं आयुष्य संगीताच्या कामाला दिलं.

तेव्हाची 'स्टोरेज'ची अडचण

त्या काळातलं संगीत कुठे साठवलेलं होतं? उस्तादांच्या गळ्यात. बंदिशी घराण्यात तोंडी चालत आलेल्या. बाहेरच्या माणसाला सहजासहजी मिळत नसत. एखादा गायक गेला आणि त्याने कुणाला शिकवलं नसेल, तर त्याच्याबरोबर त्या बंदिशीही गेल्या. बॅकअप नाही, दुसरी प्रत नाही. शिवाय एकाच रागाचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे गायलं जायचं आणि कुठलं बरोबर म्हणायचं यावर वाद व्हायचे.

आज आपली अवस्था फार वेगळी आहे असं समजू नका. मी नियमित ऐकत असलेला एक मराठी कार्यक्रम एके दिवशी अॅपमधून नाहीसा झाला. फीड उघडेना, जुने भागही गेले. माझ्या डिस्कवर उतरवलेले भाग होते, म्हणून तेवढे राहिले. पॉडकास्टची फाइल कुठल्यातरी सर्व्हरवर असते. तो सर्व्हर बंद पडला की तुमच्या अॅपमध्ये फक्त नाव उरतं. एका गळ्यात असणं आणि एका सर्व्हरवर असणं, धोका सारखाच.

गोळा करणं: रेल्वे, वही आणि फोनोग्राफ

भातखंडे बाहेर पडले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. तिथे एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले. त्यांनी नुकताच कर्नाटक संगीताच्या रचनांचा मोठा ग्रंथ छापला होता. व्यंकटमखी या सतराव्या शतकातल्या शास्त्रकाराची ७२ मेळांची योजनाही भातखंडेंनी याच काळात बारकाईने अभ्यासली. नंतर १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, कोलकाता अशा गावांचा दौरा आणि १९०८ मध्ये उत्तरेचा: अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर. प्रत्येक ठिकाणी गायकांना भेटायचं, प्रश्न विचारायचे, जुन्या पोथ्या शोधायच्या आणि रोजनिशीत सगळं टिपून ठेवायचं. रामपूरच्या दरबारातून त्यांना तिथल्या परंपरेच्या रचना मिळाल्या. जयपूरच्या गायकांकडच्या चिजा टिपताना त्यांनी फोनोग्राफचीही मदत घेतली.

इथे आपल्यासाठी पहिला धडा: जे जपायचं आहे ते आधी आपल्याकडे आणा. अॅपमध्ये 'सबस्क्राइब' केलं म्हणजे भाग तुमच्याकडे आला असं नाही, फक्त पत्ता आला. हा पत्ता आरएसएस फीड नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये असतो आणि त्यात प्रत्येक भागाच्या ऑडिओची लिंक असते. कॉम्प्युटरवर जीपॉडर आणि अँड्रॉइडवर अँटेनापॉड ही मोफत अॅप्स फीड वाचून भाग उतरवून देतात. जागेची काळजी करू नका. ६४ केबीपीएसचा एक तासाचा भाग साधारण २९ एमबीचा असतो. ८ जीबीच्या कार्डात असे अडीचशे तास सहज मावतात.

नोटेशन: कुठल्याही छापखान्यात चालेल असा फॉरमॅट

गोळा केलेलं लिहायचं कसं? भातखंडेंनी स्वरलिपी सोपी ठेवली. सा रे ग म ही देवनागरी अक्षरंच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला अक्षराखाली टिंब, वरच्या सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. बस. त्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्करांचीही स्वरलिपी होती. ती जास्त बारकावे दाखवायची, पण तिच्यात खुणाही जास्त होत्या. भातखंडेंची लिपी शिकायला आणि छापायला सोपी होती, त्यामुळे ती झपाट्याने पसरली.

आपण याला फॉरमॅट म्हणतो. गाण्यातली मींड, आवाजाचा लगाव या लिपीत पूर्ण उतरत नाही. एमपीथ्रीतही मूळ आवाजाचा काही भाग गाळला जातो. पण एमपीथ्री वीस वर्षं जुन्या प्लेअरवरही वाजते. बोलण्याच्या कार्यक्रमांसाठी मी एमपीथ्रीच ठेवतो, कारण कुठेही चालणं हे तिथे बारकाव्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

दहा थाट म्हणजे दहा फोल्डर, पण खरी गंमत टॅगमध्ये

आता सगळ्यात मोठं काम: वर्गीकरण. भातखंडेंनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत लावले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. ७२ खणांऐवजी फक्त दहा. विद्यार्थ्याच्या लक्षात राहतील एवढेच.

पण एवढ्यावर भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भूप आणि देशकार घ्या. दोन्हीत स्वर तेच, सा रे ग प ध. तरी राग वेगळे. कारण भूपात वादी गंधार, देशकारात धैवत. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. थाटही वेगळे, भूप कल्याणात आणि देशकार बिलावलात. म्हणून प्रत्येक रागाला थाटाबरोबर वादी, संवादी, जाती, गानसमय, आरोह, अवरोह अशी माहिती जोडलेली असते. हा सरळ सरळ मेटाडेटा आहे!

थाटपद्धतीवर टीकाही झाली आणि अजून होते. पटदीपात गंधार कोमल पण निषाद शुद्ध, तरी तो काफी थाटातच बसवावा लागतो, जिथे निषाद कोमल आहे. म्हणजे फोल्डर कितीही विचार करून पाडा, काही फाइल्स कुठेच नीट बसणार नाहीत. त्याला उपाय टॅग.

एमपीथ्री फाइलच्या आत आयडीथ्री नावाचे टॅग असतात. शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, ट्रॅक क्रमांक वगैरे. पॉडकास्टसाठी मी असं भरतो:

- अल्बम आणि अल्बम कलाकार: कार्यक्रमाचं नाव
- कलाकार: त्या भागातला पाहुणा
- शीर्षक: भागाचा विषय
- ट्रॅक क्रमांक: भागाचा क्रमांक

अल्बम कलाकार रिकामा ठेवलात तर काही प्लेअर प्रत्येक पाहुण्यागणिक एकाच कार्यक्रमाचे तुकडे करतात. आणखी एक, टॅगची जुनी पहिली आवृत्ती शीर्षकाला फक्त ३० बाइट देते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे दहा चिन्हांत शीर्षक संपलं. म्हणून एमपीथ्रीटॅगसारख्या अॅपमध्ये टॅगची दुसरी आवृत्ती निवडा.

तीन नावांचा एकच लेखक

भातखंडेंच्या चरित्रातली एक मजेशीर गोष्ट. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ त्यांनी 'चतुर पंडित' या नावाने लिहिला. 'अभिनवरागमंजरी'वर नाव 'विष्णु शर्मा'. आणि मराठीतले 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग स्वतःच्या नावाने. या मराठी ग्रंथात ते चतुर पंडितांच्या मताचं विवेचनही करतात, जणू तो दुसराच कोणी विद्वान आहे!

वाचकाला मजा येते, पण लायब्ररी लावणाऱ्याची पंचाईत होते. एका नावाने शोधलं तर बाकीची पुस्तकं सापडणार नाहीत. तुमच्याकडेही एकाच कार्यक्रमाचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, कुठे शेवटी 'पॉडकास्ट' जोडून असेल, तर प्लेअर ते तीन कार्यक्रम समजतो. एक नाव ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

सिंक: बडोदा, ग्वाल्हेर, लखनौ

गोळा केलं, लिहिलं, लावलं. आता पोहोचवायचं. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या पाठबळावर बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद, पंडित आणि अभ्यासक एकत्र बसून रागांच्या रूपांवर चर्चा करू लागले. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौलाही परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. आज तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. शिकवायला पुस्तकं हवीत म्हणून 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग आले. त्यात १८०० च्या आसपास बंदिशी आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे.

इथेही वाद होता. एकच बंदीश वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळी गायली जाते. त्यातलं एक रूप छापलं की तेच प्रमाण ठरतं आणि बाकीची मागे पडतात, अशी गायकांची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. सिंक करतानाही हाच प्रसंग येतो. एकाच नावाच्या दोन फाइल्स, पण आतला मजकूर वेगळा. अॅप विचारतं, कुठली ठेवू? घाईने एक पुसू नका. दोन्ही ऐका, नाव बदला, दोन्ही ठेवा.

बाकी नियम सोपा: मूळ प्रत एकाच ठिकाणी, म्हणजे कॉम्प्युटरवर. फोन आणि प्लेअरकडे सिंक एकतर्फी. म्हणजे ऐकून झाल्यावर प्लेअरमधून भाग पुसला तरी मूळ प्रत शाबूत राहते. स्वस्त प्लेअर अनेकदा टॅग न बघता फाइल्स ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं सुरू करा आणि त्याच क्रमाने कॉपी करा.

शेवटची वर्षं

१९३३ मध्ये भातखंडेंना पक्षाघात झाला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले. १९६१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी लखनौचं कॉलेज पुढे चालवलं. गुरू गेल्यावरही काम थांबलं नाही, कारण सगळं एका माणसाच्या डोक्यात उरलेलं नव्हतं.

आपल्या लायब्ररीलाही हीच कसोटी लावा. फोन हरवला तर काय उरेल? अँटेनापॉडमधून तुमच्या सगळ्या फीडची यादी ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येते. दर महिन्याला ती कॉम्प्युटरवर टाका. आणि हे लक्षात ठेवा, अॅप काढून टाकलं की फोनवर त्यात उतरवलेले भागही सहसा जातात.

सगळं एका दिवसात होणार नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग पूर्ण व्हायला वीसहून जास्त वर्षं लागली. तुम्ही या रविवारी एकच कार्यक्रम घ्या, जो बंद पडला तर तुम्हाला सर्वात जास्त वाईट वाटेल. त्याचे भाग उतरवा, टॅग भरा, प्लेअरमध्ये टाका. दुसरा कार्यक्रम पुढच्या रविवारी.