वल्हे हाती देणारा शिक्षक

काश्मीरमधील श्रीनगर हे पाण्याच्या सान्निध्यात वसलेले शहर आहे. झेलम नदी त्याच्या मधून वाहते आणि शेजारीच दल सरोवर पसरलेले आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील प्रतिष्ठित घराण्यांतील मुले वल्ह्याला हात लावीत नसत. ते काम हांजींचे, म्हणजे नावाड्यांचे, असे मानले जाई. श्रमाकडे पाहण्याची ही दृष्टी बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते शिक्षक म्हणजे सेसिल टिंडेल-बिस्को.

त्यांचा जन्म १८६३ साली इंग्लंडमध्ये झाला. शरीरयष्टी लहानखुरी असली तरी नौकानयनात ते निपुण होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमध्ये १८८४ साली झालेल्या शर्यतीत केंब्रिजची विजयी नौका त्यांच्याच मार्गदर्शनाखाली धावली होती. पुढे त्यांनी अँग्लिकन पंथाची धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि काही काळ लंडनमधील गरीब वस्त्यांत सेवा केली. १८९० साली ते चर्च मिशनरी सोसायटीच्या श्रीनगर येथील शाळेत दाखल झाले.

त्या वेळी बहुतेक विद्यार्थी काश्मिरी पंडित कुटुंबांतील होते. ते बुद्धिमान होते. पाठांतरात तर कोणाला हार जात नसत. परंतु परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरी मिळवणे, एवढेच शिक्षणाचे ध्येय समजले जात होते. खेळ किंवा अंगमेहनत त्यांना प्रतिष्ठेला बाधक वाटे. १८९१ साली बिस्कोंनी चामड्याचा फुटबॉल आणला, तेव्हा चामड्याच्या स्पर्शाने विटाळ होईल म्हणून मुलांनी खेळण्यास नकार दिला. अखेर नाइलाजाने खेळ सुरू झाला. चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळताच तो रडू लागला. बिस्कोंनी त्याला पाण्याने तोंड धुऊन येण्यास सांगितले आणि खेळ पुढे चालू ठेवला.

हळूहळू फुटबॉलपाठोपाठ पोहणे, नौकानयन आणि गिर्यारोहण शाळेत रुजले. पोहणे शिकण्याचे वय होऊनही जो मुलगा पोहायला शिकत नसे, त्याची फी वाढवली जाई. गुणपत्रिकाही निराळी होती. बुद्धी, शरीर आणि आत्मा असे तिचे तीन भाग असत. केवळ पुस्तकी अभ्यासात पहिला येणारा विद्यार्थी येथे सर्वश्रेष्ठ ठरत नसे. इतरांशी त्याची वागणूक कशी आहे, हेही पाहिले जाई. शाळेच्या बोधचिन्हावर एकमेकांना छेद देणारी दोन वल्ही होती. वल्हे कष्टाचे प्रतीक होते, हृदयाच्या आकाराचे त्याचे पाते दयाभावाचे, तर त्यांचा छेद स्वार्थत्यागाचे.

या शिकवणुकीची कसोटी शाळेबाहेर लागत असे. पूर आला की मुले नावा घेऊन पाण्यात अडकलेल्या लोकांच्या मदतीला जात. आग लागली की ती विझवण्यासाठी धावत. पटकीच्या साथीत त्यांनी गल्ल्या साफ केल्या. रुग्णालयातील रुग्णांना मोकळी हवा मिळावी म्हणून मुले त्यांना नावेतून फिरवून आणीत. ज्या वल्ह्याची पूर्वी लाज वाटत होती, तेच आता शाळेच्या अभिमानाचा विषय झाले.

बिस्कोंच्या कार्यपद्धतीत दोष नव्हते असे नाही. ते छडीचा वापर करीत आणि काश्मिरी लोकांविषयीच्या त्यांच्या लिखाणात राज्यकर्त्या समाजातील माणसाची अहंता अनेकदा डोकावते. लोकांच्या परंपरांना धक्का देताना त्यांच्या भावनांची ते नेहमीच कदर करीत असत, असेही म्हणता येत नाही. शिवाय हे परिवर्तन एकट्या बिस्कोंचे नव्हते. स्थानिक शिक्षकांनी समाजाचा रोष पत्करून त्यांना साथ दिली. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून पुढे नावारूपास आलेले संसारचंद कौल हे याच शाळेतील शिक्षक. धर्मोपदेशकाने चालवलेली ही शाळा असूनही तेथील बहुतेक विद्यार्थी आपापल्या धर्मातच राहिले. हिंदू, मुसलमान आणि शीख मुले एका नावेत बसून एकाच तालावर वल्ही मारू लागली. शाळेच्या यशाची ही खरी खूण होती. बिस्कोंनी मुलींच्या शिक्षणाला आणि विधवांच्या पुनर्विवाहालाही पाठिंबा दिला.

सुमारे सत्तावन्न वर्षांच्या सेवेनंतर १९४७ साली बिस्कोंनी काश्मीर सोडले. १९४९ साली आफ्रिकेतील ऱ्होडेशियात त्यांचे निधन झाले. श्रीनगरमधील शाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शाळेचे यश निकालाच्या टक्केवारीत मोजण्याची सवय आपल्यालाही आहे. परंतु ज्या गावात शाळा उभी आहे, त्या गावावर संकट आले असता तिचे विद्यार्थी काय करतात, हा प्रश्न बिस्कोंच्या जीवनकार्यातून आपल्यासमोर उभा राहतो.