न हरता तिसरा

वार्षिक परीक्षेत सर्व विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळाले, पण चाचण्यांचे गुण मिळवल्यावर नंबर तिसरा आला, तर कसे वाटेल? ऑस्ट्रेलियाचा मोटारसायकलपटू ‘ब्लूई’ विल्किन्सन याच्या बाबतीत असेच झाले.

त्याचे खरे नाव आर्थर जॉर्ज. जन्म १९११ चा, न्यू साऊथ वेल्स प्रांतातला. लहानाचा मोठा झाला बॅथर्स्ट गावी. तांबूस केसांच्या माणसाला ‘ब्लूई’, म्हणजे निळ्या, म्हणण्याची तिकडे रीत आहे. आपल्याकडे धिप्पाड मुलाला ‘बारक्या’ म्हणतात, तशीच!

त्याचा खेळ स्पीडवे. लंबगोल कच्च्या ट्रॅकवर चार गाड्या चार फेऱ्या मारतात. गाडीला ब्रेक नसतो. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीला टेकवत गाडी सावरायची. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण.

१९२९ मध्ये विल्किन्सन लंडनच्या वेस्ट हॅम संघात आला. १० सप्टेंबर १९३६ रोजी वेम्बली स्टेडियमवर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. पाचही शर्यती जिंकून त्याने १५ पैकी १५ गुण मिळवले. लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन हे दोघेही त्याच्याकडून हरले. परंतु आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण मिळवायचे होते. बेरीज झाली ती अशी : व्हॅन प्राग २६, लँग्टन २६, विल्किन्सन २५. विजेता ठरवण्यासाठी त्या दोघांची जादा शर्यत झाली, ती व्हॅन प्रागने जिंकली. एकदाही न हरलेला विल्किन्सन तिसरा! आम्हाला विचाराल तर हा नियम काही बरोबर नव्हता. पण तो सर्वांना सारखाच लागू होता, हेही खरे.

विल्किन्सन खेळत राहिला. १९३७ मध्ये वेस्ट हॅमने लीग जिंकली. १९३८ च्या अंतिम स्पर्धेत तो दुखावलेला खांदा बांधून उतरला. या वेळी एक शर्यत हातची गेली, तरी बोनस धरून त्याचे २२ गुण झाले आणि अमेरिकेच्या जॅक मिल्नचे २१. विल्किन्सन जगज्जेता झाला.

त्यानंतर त्याने शर्यती सोडल्या. १९३९ मध्ये शेफील्डला तो स्पर्धा भरवू लागला. महायुद्ध सुरू झाले आणि तो मायदेशी परतला. २७ जुलै १९४० रोजी सिडनीत, साध्या रस्त्यावर, त्याची मोटारसायकल ट्रकवर आदळली. त्यातच तो गेला. तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.